करंट किती हवा?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकलेले बरेच जण आज समोर दिसताहेत. उच्च दाबाचा वीजपुरवठा बनवायचाय म्हणून कोणी त्यांच्याकडे गेलं, की किती हजार व्होल्ट हवेत हे ते आधी विचारत नसत. करंट किती हवा, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. नव्या मुलांना तो अप्रस्तुत वाटे, कारण मुलं व्होल्टेजच्या ओढीने आलेली असत. आज मला तो एक प्रश्नच आपल्यापुढे उलगडायचा आहे. त्यासाठी मी व्होल्टेज मल्टिप्लायर निवडला, कारण या सर्किटमध्ये व्होल्टेज जवळजवळ मागाल तेवढं मिळतं, आणि करंटचा हिशेब चुकला की मिळालेलं हातचं जातं.

या सर्किटला जगभर कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांचं नाव आहे. मूळ कल्पना मात्र हाइनरिख ग्राइनाखर या स्विस भौतिकशास्त्रज्ञाची. १९१४ च्या सुमारास ते झुरिकमध्ये आयनीभवन मोजणारं एक उपकरण तयार करत होते. त्याला २०० ते ३०० व्होल्ट डीसी लागत होतं आणि शहराच्या वीजकेंद्रातून येत होतं ११० व्होल्ट एसी. ११० व्होल्ट एसीचं शिखर साधारण १५५ व्होल्टवर जातं. त्याची दुप्पट ३१० होते, म्हणजे काम भागलं. ग्राइनाखरांनी दोन रेक्टिफायर आणि दोन कपॅसिटर जोडून ती दुप्पट मिळवली. १९२० च्या सुमारास त्यांनी तीच कल्पना एकावर एक टप्पे रचून हवी तितकी वाढवता येते हेही दाखवलं. पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव कधी येतं, कधी येत नाही. मला ते अन्यायाचं वाटतं, म्हणून आज ते सुरुवातीलाच घेतलं.

दुप्पट कशी होते ते पाहू. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं एक टोक अर्थ केलेलं आहे, दुसऱ्या टोकाला एक कपॅसिटर लावलेला आहे. एका अर्धचक्रात पहिल्या डायोडमधून हा कपॅसिटर शिखर व्होल्टेजपर्यंत भरतो. पुढच्या अर्धचक्रात ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज उलटतं, पहिला डायोड बंद होतो, आणि ट्रान्सफॉर्मरचं शिखर व कपॅसिटरमध्ये साठलेलं शिखर एकाच दिशेने उभी राहतात. ही बेरीज दुसऱ्या डायोडमधून दुसऱ्या कपॅसिटरमध्ये जाते. एक टप्पा झाला. त्यावर आणखी दोन डायोड आणि दोन कपॅसिटर चढवले की दुसरा टप्पा. लोड नसेल तर जितके टप्पे, त्याच्या दुप्पट पटीने शिखर व्होल्टेज वर जातं. यातली मोठी सोय अशी, की मनोरा कितीही उंच झाला तरी एका डायोडवर किंवा एका कपॅसिटरवर शिखराच्या दुपटीहून जास्त ताण येत नाही, आणि अगदी पहिल्या कपॅसिटरवर तर एकपटच येतो. म्हणजे तीस हजार व्होल्टचा पुरवठा दहा हजार व्होल्टच्या भागांतून उभा राहतो. मल्टिप्लायर इतका लोकप्रिय का झाला, याचं कारण इथेच आहे.

आता केंब्रिजला जाऊ. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रदरफर्ड यांना अणुकेंद्रावर मारा करायला किरणोत्सारी पदार्थांतून मिळणाऱ्या कणांपेक्षा भरपूर आणि ताब्यातले कण हवे होते. हे त्यांनी १९२७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे जाहीरपणे सांगितलं होतं. अडचण अशी, की तेव्हाच्या समजुतीप्रमाणे केंद्राचा विद्युत अडथळा ओलांडायला कित्येक दशलक्ष व्होल्ट लागणार होते. १९२८ मध्ये जॉर्ज गॅमो यांनी क्वांटम सिद्धांतावरून दाखवलं की कण हा अडथळा न ओलांडता त्यातून आरपार जाऊ शकतो. जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी त्यावरून आकडेमोड केली आणि तीन लाख व्होल्टच्या प्रोटॉनवरही भागू शकेल असं उत्तर आलं. कॉकक्रॉफ्ट पेशाने आधी विद्युत अभियंते, मँचेस्टरच्या मेट्रोपोलिटन-व्हिकर्स कंपनीत शिकलेले. जोडीला आयर्लंडहून आलेले अर्नेस्ट वॉल्टन, हाताने अतिशय कुशल. मला या जोडीत कॉकक्रॉफ्टांचं अभियंतेपण फार महत्त्वाचं वाटतं. सिद्धांत वाचून नेमके किती व्होल्ट पुरतील हे आधी काढणं आणि मगच यंत्र बांधायला घेणं, हा रचनाकाराचा स्वभाव आहे.

पहिलं यंत्र १९३० मध्ये २८० किलोव्होल्टपर्यंत गेलं. अपेक्षित खूण दिसली नाही. दोघांनी मोठ्या खोलीत जाऊन नवं यंत्र बांधलं, आणि या वेळी ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज चौपट करणारी कपॅसिटर-रेक्टिफायरची रचना घेतली. ग्राइनाखरांच्याच वाटेवर ते स्वतंत्रपणे पोहोचले होते. आज आपण डायोड म्हणतो तो तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा असतो. त्यांचे रेक्टिफायर म्हणजे माणसाहून उंच काचेचे स्तंभ होते, आत तापलेली फिलामेंट, आणि पंप अखंड चालू ठेवून टिकवलेली निर्वात पोकळी. सांधे गळत, ते मुलांच्या खेळण्यातल्या प्लॅस्टिसिनने बुजवले जात. मेट्रोपोलिटन-व्हिकर्समध्येच शोधलेल्या, वाफ जवळपास न सोडणाऱ्या तेलामुळे इतकी चांगली पोकळी शक्य झाली. सात लाख व्होल्टच्या आसपास स्थिर डीसी असं मिळालं.

१४ एप्रिल १९३२ रोजी वॉल्टन यांनी लिथियमवर प्रोटॉन सोडले, शिशाने मढवलेल्या लहानशा पेटीत शिरले आणि सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर लखलखते ठिपके उमटत होते. त्यांनी कॉकक्रॉफ्ट आणि रदरफर्डना बोलावलं. रदरफर्ड यांनी आयुष्यभर हेच ठिपके मोजले होते, त्यांनी अल्फा कण लगेच ओळखले. एक प्रोटॉन लिथियमच्या केंद्रात शिरत होता आणि दोन अल्फा कण बाहेर पडत होते. दोघांची मिळून ऊर्जा सुमारे १७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, प्रोटॉनला दिलेल्या ऊर्जेच्या कित्येक पट. ती वस्तुमानातल्या घटीतून आली होती. कृत्रिमरीत्या वेग दिलेल्या कणांनी केंद्र फुटण्याची ही पहिली वेळ. १९५१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

या गोष्टीत करंट कुठे आला? प्रोटॉनच्या झोताचा करंट मायक्रोअँपिअरच्या हिशेबातला होता. म्हणून मल्टिप्लायर त्यांना शोभला. तोच मनोरा एखादी भट्टी चालवायला जोडला असता, तर व्होल्टेज कोसळलं असतं. का, ते आता बघू. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे.

लोडमधून एका चक्रात थोडा विद्युतभार निघून जातो. करंटला फ्रिक्वेन्सीने भागलं की तो मिळतो. हा भार आउटपुटच्या बाजूला एकावर एक उभ्या असलेल्या सगळ्या कपॅसिटरमधून जातो, म्हणजे प्रत्येक कपॅसिटर तेवढा रिता होतो आणि प्रत्येकाला पुन्हा भरावं लागतं. भरणारा स्रोत मात्र एकच, अगदी तळाला. बांधकामावर प्रत्येक मजल्यावर एकेक घमेलं पोहोचवायचं असेल आणि सगळी घमेली जिन्याने हातोहात वर जाणार असतील, तर वरच्या माणसाच्या हातून एकच घमेलं जातं आणि तळाच्या माणसाच्या हातून सगळीच्या सगळी. मल्टिप्लायरचं तसंच आहे. तळाच्या कपॅसिटरवर सर्वात जास्त ओझं, त्यामुळे त्याचं व्होल्टेज सर्वात जास्त पडतं, आणि ती पड वरच्या प्रत्येक टप्प्याला वारशाने मिळते. सगळी बेरीज केली की एकूण घसरण टप्प्यांच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

सूत्र शब्दांत सांगतो, लिहून घेणाऱ्यांनी घ्यावं. करंट भागिले फ्रिक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्स, हा पहिला आकडा. त्याला टप्प्यांच्या घनाचे दोन तृतीयांश, अधिक वर्गाचा अर्धा, वजा टप्प्यांचा सहावा हिस्सा, एवढ्याने गुणायचं. ही झाली घसरण. रिपल त्यापेक्षा सौम्य, टप्प्यांच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो.

एक खरंखुरं गणित करू. मला ३० किलोव्होल्ट हवेत, करंट १ मिलिअँपिअर. फ्रिक्वेन्सी ३० किलोहर्ट्झ, प्रत्येक कपॅसिटर १ नॅनोफॅरडचा. पहिला आकडा येतो ३३ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरचं शिखर ५ किलोव्होल्ट घेतलं तर तीन टप्पे लागतात, गुणक येतो २२, घसरण सुमारे ७३० व्होल्ट. तीस हजारांत सातशे तीस, फार तर अडीच टक्के, चालेल. आता कोणी म्हणेल, ५ किलोव्होल्टचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळणं कटकटीचं आहे, अडीचचा घेऊ आणि टप्पे सहा करू. लोड नसताना तेच ३० किलोव्होल्ट दिसतील. पण गुणक २२ वरून १६१ वर गेला. घसरण ५,३०० व्होल्टच्या वर, हातात उरले पावणेपंचवीस हजारांच्याही खाली. यावर इलाज म्हणून टप्पे दुप्पट, बारा केले, तर लोड नसताना मीटरवर साठ हजार दिसतील, आणि १ मिलिअँपिअर ओढताच सूत्राप्रमाणे ते १९ हजारांवर येतील. बारा टप्पे सहांपेक्षा कमी देतात! हे गणित वर्गात मांडलं की फळ्याकडे बघणाऱ्यांचे चेहरे बदलतात, आणि मला दर वेळी ते बघायला आवडतं. टप्प्यांची एक सर्वोत्तम संख्या असते: शिखर व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि कपॅसिटन्स यांच्या गुणाकाराला करंटने भागून त्याचं वर्गमूळ घ्यायचं. वरच्या अडीच किलोव्होल्टच्या उदाहरणात ती साडेआठच्या जवळ येते. तिच्याही बऱ्याच अलीकडे थांबावं, कारण त्या टोकाला पुरवठा फार मऊ झालेला असतो. लोड जरा हलला की व्होल्टेज हलतं.

सूत्रात फ्रिक्वेन्सी खाली बसली आहे. तिथे मोकळीक सर्वात जास्त. हेच तीन टप्प्यांचं यंत्र घरच्या ५० हर्ट्झवर चालवायचं ठरवलं तर कपॅसिटर ६०० पट मोठे घ्यावे लागतील. नुसत्या आउटपुटच्या रांगेत, दहा हजार व्होल्टच्या हिशेबाने, ९० ज्यूल ऊर्जा साठून राहील. ३० किलोहर्ट्झच्या यंत्रात त्याच जागी ०.१५ ज्यूल असते. ९० ज्यूल माणसाचा जीव घेऊ शकतात. म्हणून फ्रिक्वेन्सी वाढवण्याला मी आकार आणि खर्चाच्या आधी सुरक्षेचा प्रश्न मानतो. जुन्या रंगीत टीव्हीतही हेच होतं. लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर १५,६२५ हर्ट्झवर चालायचा आणि त्यापुढे ट्रिपलर नावाचा सीलबंद ठोकळा पिक्चर ट्यूबला २५ हजारांच्या आसपास व्होल्ट द्यायचा. घरातल्या डास मारायच्या रॅकेटमध्येही छोटा ऑसिलेटर आणि मोजके डायोड-कपॅसिटर यांचा मल्टिप्लायर असतो.

फ्रिक्वेन्सी वाढवली की डायोडची निवड बदलते. स्वस्त म्हणून सगळे १एन४००७ उचलतात. तो हजार व्होल्टचा आहे. आपल्याला प्रत्येक जागी दहा हजार झेलायचे आहेत, म्हणजे रांगच लावावी लागेल. पण खरी अडचण ही नव्हे. दिशा उलटली की तो लगेच बंद होत नाही. कधी कधी बंद व्हायला तीसेक मायक्रोसेकंद घेतो, आणि ३० किलोहर्ट्झचं अख्खं चक्रच ३३ मायक्रोसेकंदांचं. चढवलेला भार त्याच वाटेने खाली ओघळतो आणि डायोड तापतो. शंभर नॅनोसेकंदांच्या आतबाहेर बंद होणारे, खास उच्च दाबाचे डायोड घ्यावेत. कपॅसिटरचं दुखणं वेगळं. सिरॅमिकच्या चकत्यांवर छापलेला आकडा व्होल्टेज नसतानाचा असतो. काही जातींची कपॅसिटन्स पूर्ण डीसी व्होल्टेजला निम्म्यापर्यंत उतरते, आणि निम्मी कपॅसिटन्स म्हणजे दुप्पट घसरण. कागदावरचं गणित बरोबर असूनही यंत्र कमी देतं, तेव्हा मी सर्वात आधी इथे बघतो. दहा हजारांच्या जागी पंधरा-वीस हजारांचे कपॅसिटर लावावेत. तळाच्या टप्प्यांना वरच्यापेक्षा मोठे कपॅसिटर देणंही फायद्याचं, कारण ओझं तिथेच आहे.

बोर्ड तयार झाला की अंधाऱ्या खोलीत तो चालू करून लांबून बघण्याची सवय लावून घ्या. सोल्डरचं टोक जिथे काट्यासारखं वर राहिलंय, तिथे जांभळी झळाळी स्थिर उभी दिसते, बारीक सुस्कारा ऐकू येतो, आणि थोड्या वेळाने ओझोनचा तिखट वास येतो. हा करोना. सपाट पृष्ठभागांमधली कोरडी हवा सेंटिमीटरला तीस हजार व्होल्टपर्यंत तग धरते, पण टोकाभोवती विद्युतक्षेत्र एकवटतं आणि हवा फार आधी फुटते. इलाज हाताचा आहे: प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा गुळगुळीत गोल मणी करायचा, तारेची शेपटी ठेवायची नाही, वरच्या टोकाला गोलसर धातूची टोपी द्यायची. मोठ्या मनोऱ्यांच्या माथ्यावर चकचकीत गोळे आणि कडी दिसतात ती यासाठी. मग फ्लक्स धुऊन काढायचा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बोर्डावर ओलीचा अदृश्य थर बसतो आणि उन्हाळ्यात नीट चाललेलं यंत्र जुलैत चटचटू लागतं. त्यामुळे इथे उघडा बोर्ड ठेवूच नये. ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये बुडवावा किंवा इपॉक्सीत ओतावा. इपॉक्सी व्हॅक्यूमखाली ओतावी. आत राहिलेला एखादा बुडबुडा महिनोन्‌महिने गुपचूप करोना करत आजूबाजूची इपॉक्सी जाळत राहतो, आणि एक दिवस आरपार छिद्र पडतं.

मोजमापाबद्दल थोडक्यात. एक गिगाओहमची रेझिस्टरची साखळी आणि तिच्या तळाला १०० किलोहम. ३० हजार व्होल्टला साखळीतून ३० मायक्रोअँपिअर जातात आणि तळाशी ३ व्होल्ट मिळतात. साधा मल्टिमीटर १० मेगाओहमचा असतो. तो तिथे लावताच वाचन एक टक्क्याने खाली येतं, हे हिशेबात धरावं. याच ३ व्होल्टवरून फीडबॅक घेऊन ऑसिलेटर कमी-जास्त केला की पुरवठा स्थिर राहतो. त्या साखळीला बोट लावू नका. कातडीवरचं तेल एक गिगाओहमच्या शेजारी दुसरी वाट काढतं.

सुरक्षेविषयी मला कळकळीने सांगायचं आहे, कारण आज शाळकरी मुलंही हे भाग घरपोच मागवतात. मल्टिप्लायर बंद केला तरी मनोरा भरलेला राहतो. डिस्चार्ज रेझिस्टर कायमचा जोडलेला असावा, आणि तो तुटलेला असू शकतो असं धरून अर्थिंगची काठी वापरावी. एकदा टेकवून काठी काढून घेऊ नये. कपॅसिटरच्या माध्यमात मुरलेला भार पुन्हा पृष्ठभागावर येतो आणि शून्य झालेलं व्होल्टेज हळूहळू चढतं. काम होईपर्यंत काठी लटकती ठेवावी. एकट्याने काम करू नये. आउटपुटला १०० किलोहमचा रेझिस्टर घातला तर शॉर्ट झाल्यावरही पहिला झटका ३०० मिलिअँपिअरवर अडतो आणि वरचे डायोड वाचतात. तेवढ्या करंटने माणूस वाचेल असं मात्र कोणी समजू नये.

मोठ्या प्रवेगकांत या मनोऱ्यांनी दीर्घकाळ सेवा केली. सर्न आणि फर्मिलॅब इथे प्रोटॉनना पहिला धक्का ७५० किलोव्होल्टचे कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन देत. सर्नने ते १९९३ मध्ये काढले, फर्मिलॅबने २०१२ मध्ये. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या न्यूट्रॉनचं जनित्र होतं. ड्यूटेरियमच्या कणांना लाख-दोन लाख व्होल्टचा वेग देऊन ट्रिटियमवर आदळलं की असे न्यूट्रॉन मिळतात. करंट थोडा, व्होल्टेज माफक. मल्टिप्लायरला अगदी साजेसं काम.

मात्र नवी मुंबईत खारघरला भाभा अणुसंशोधन केंद्राचं इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे, तिथली गरज निराळी. तिथला डीसी प्रवेगक ३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि ३० किलोवॉटचा, म्हणजे ३० लाख व्होल्टला १० मिलिअँपिअर. ग्राइनाखरांचा मनोरा तिथे उभा केला असता तर? ५० किलोव्होल्ट शिखराचे तीस टप्पे, एक लाख हर्ट्झ, १ नॅनोफॅरड असं धरलं तर घसरण येते १८ लाखांच्या वर. तीसांतले अठरा लाख वाटेतच गेले. म्हणून तिथे रचनाच वेगळी, समांतर जोडणीची आहे. टप्प्यांचे रेक्टिफायर एकावर एक मालिकेतच आहेत, पण भार तळातून हातोहात चढत नाही. मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना मोठे इलेक्ट्रोड उभे आहेत, त्यांना लाखाहून अधिक हर्ट्झचं उच्च व्होल्टेज दिलेलं असतं, आणि प्रत्येक टप्पा आपला भार मधल्या वायूतल्या कपॅसिटन्समधून थेट घेतो. तळाच्या टप्प्यावर कोणाचंच ओझं नाही. घसरण टप्प्यांच्या घनाऐवजी साध्या प्रमाणात वाढते. याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते: सगळा मनोरा दाबाखालच्या सल्फर हेक्झाफ्लोराइडच्या टाकीत ठेवावा लागतो, आणि बाहेरून बघता सोपं वाटणारं प्रत्येक अंतर, प्रत्येक गोलाई विद्युतक्षेत्राच्या हिशेबाने ठरवावी लागते. आपल्याकडच्या अभियंत्यांनी हे यंत्र इथे बांधलं आणि चालवलं. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना भौतिकशास्त्राच्या पुस्तकातल्या कॉकक्रॉफ्ट-वॉल्टनच्या चित्राशेजारी खारघरच्या या रचनेचंही चित्र दाखवायला हवं, आणि दोन्हींच्या घसरणीचं गणित त्यांच्याकडून करून घ्यायला हवं.

माझी वेळ संपत आली आहे. समांतर जोडणीच्या रचनेबद्दल आधीच दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. त्या आधी घेतो, मग बाकीचे प्रश्न.